सावळाराम आबांच्या दहा कॅप्सूल

एका पत्राला मी पावणेतीन वर्षे उत्तर दिले नाही. १९९६ च्या जूनमध्ये ते आले. पुण्याचा शिक्का होता, पाठवणारी वैष्णवी. मी ते दोनदा वाचले, घडी घालून एका जाड पुस्तकात ठेवले, आणि ते पुस्तक कोणी वाचायला मागून नेईल या भीतीने संध्याकाळी ट्रंकेत टाकले. माझ्याकडून पुस्तक मागून नेणारे भवानीनगरात कोणी नव्हते. तरी टाकले.

पत्रात रागावण्यासारखे काही नव्हते. एकच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला माहीत होते.

मी डॉ. विजयसिंहांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना साखर कारखान्याच्या रस्त्याला होता आणि माझ्या वाट्याला औषधे द्यायची खिडकी आली होती, हातभर रुंद. तिच्यामागे माझी सव्वीस वर्षे बरी गेली. डॉक्टर चिठ्ठी देत, मी पुड्या बांधी, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी, आणि ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढे म्हटले की माझे बोलणे संपे. गर्दी नसली की वाचत बसे. डॉक्टरांकडे येणारी वैद्यकीय मासिके मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली आहेत. त्यातले किती समजले याची खात्री मला तेव्हाही नव्हती.

१९९५ च्या जानेवारीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, इन्फ्लुएंझाची साथ आली. आधी तोडकऱ्यांच्या, उसाच्या पाचटाच्या कोप्यांत, मग वस्त्यांवर. पोरे चार दिवस फणफणून उठत आणि खेळायला लागत. म्हाताऱ्यांचा ताप मात्र छातीत उतरे. डॉक्टरांनी खटपट करून एक औषध मिळवले. एरवी ते कंपवातावर देतात, पण इन्फ्लुएंझाचा विषाणूही त्याने अडतो, हे डॉक्टर लोकांना बरीच वर्षे ठाऊक होते. कॅप्सूल थोड्या होत्या. म्हणून त्यांनी नियम केला : घरात कोणी तापाने पडले असेल, तर त्या घरातल्या छाती कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधीच द्यायची. रोज एक, दहा दिवस. मुलांना नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या एका संशोधन संस्थेकडून वैष्णवी आली. मूळची बारामतीची, पंचविशीची मुलगी. रोग्याच्या घशातून कापसाच्या बोळ्याने नमुना घ्यायचा आणि बर्फाच्या डब्यातून पुण्याला न्यायचा, हे तिचे काम. दुपारी ती माझ्या खिडकीमागे स्टुलावर बसून जेवायची. “तात्या, आज काय वाचताय?” असे मला विचारणारी ती पहिलीच. मी सांगायचो, ती ऐकायची, आणि चुकले तिथे सावकाश दुरुस्त करायची. तेवढ्या तीन आठवड्यांत मी जितका बोललो तितका एरवी वर्षभरात बोलत नसे.

सावळाराम आबांची वस्ती दवाखान्यापासून मैलभरावर, कालव्याच्या चारीच्या कडेला. तरुणपणी आबा सुप्याच्या माळापर्यंत मेंढरे घेऊन जात. पुढे कळप मोडला, पाण्याखालची थोडी जमीन झाली, मुलगा बिरू कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर लागला. दहाबारा मेंढरे आबांनी हौसेने ठेवली होती. घरात आबा, त्यांची बायको कुशाबाई, बिरू, त्याची बायको सारजा आणि पाच वर्षांची छकुली. त्या साथीत आधी छकुली पडली. आबांना दम्याची खोड, म्हणून नियमाप्रमाणे डॉक्टरांनी आबांना दहा कॅप्सूल दिल्या. वैष्णवीने त्याच दिवशी छकुलीच्या घशाचा नमुना घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजा खिडकीशी आली. डॉक्टर इंदापूरला गेले होते. तिने पदराची गाठ सोडून चार कॅप्सूल माझ्यापुढे ठेवल्या.

“तात्या, पोरगी डोळं उघडंना. ह्यातलं तिला कसं द्यायचं तेवढं सांगा.”

“या आबांच्या आहेत,” मी म्हणालो.

“आबांनीच दिल्यात. म्हन्ले, मला काय धाड भरलीया? घरात औषीद आसून पोरगी तळमळती, आन मी गिळत बसू व्हय?”

डॉक्टर येईपर्यंत थांब, एवढेच मी म्हणायला हवे होते. पण परदेशात हे औषध मुलांना देतात हे मी वाचले होते. वजनावरून किती द्यायचे तेही वाचले होते. कोणीतरी मला विचारते आहे आणि मला ठाऊक आहे, असे क्वचित घडायचे. शिवाय समोरच्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे मला जन्मात जमलेले नाही. मी कॅप्सूल उघडल्या, पूड कागदावर घेतली, पात्याने सारखे भाग केले आणि आठ पुड्या बांधल्या. देताना म्हणालो, “डॉक्टरांना बोलू नकोस.”

पुड्यांपेक्षा ते तीन शब्द मला जास्त टोचतात. दवाखान्याच्या वहीत नोंद तशीच राहिली : सावळाराम, दहा कॅप्सूल.

तिसऱ्या दिवशी छकुली उठून बसली. पाचव्या दिवशी आबांना ताप आला. वैष्णवीने त्यांचाही नमुना घेतला. आबांना बारामतीला दवाखान्यात हलवले, तिथे न्यूमोनिया झाला, आणि अकराव्या दिवशी ते गेले.

सुतकात मी भेटायला गेलो. अंगणात सोयरे बसले होते. कुशाबाई सगळ्यांदेखत सुनेकडे हात करून म्हणाली, “म्हाताऱ्याच्या तोंडचं औषीद काढून हिनं पोरीला घातलं. चार दिसाचं औषीद कमी पडलं म्हून मानूस गेलं माजं.”

“आबांनीच दिलं हुतं,” सारजा म्हणाली. कोणी मान हलवली नाही.

मग तिने एकदा माझ्याकडे पाहिले. पुड्या कुणी बांधल्या हे ती तेव्हा सांगू शकली असती. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. ती उठून आत गेली.

त्या दिवसापासून त्या घरात सारजाने औषधाला हात लावायचा नाही, असे झाले. साधा बाम फळीवर असला तरी कुशाबाई तो स्वतः उठून घ्यायची. पाहुणे आले की गोष्ट पुन्हा सांगितली जायची. सारजाच्या माहेरीही ती पोचली होती.

आणि पुढल्या वर्षी वैष्णवीचे पत्र आले. त्यातला मुख्य भाग असा होता :

“तात्या, सावळाराम आबांच्या घरचे दोन नमुने मला अजून सोडत नाहीत. एक छकुलीचा, पहिल्या दिवसाचा. त्यातला विषाणू आपल्या औषधाने मरत होता. दुसरा आबांचा, पाचव्या दिवसाचा. विषाणू तोच, घरातलाच; पण एका जागी बदललेला, आणि त्या बदलामुळे औषध त्याला लागूच पडत नव्हते. आबा त्या दिवशी औषध घेत होते, तरी आजारी पडले ते म्हणून. दहाच्या जागी वीस कॅप्सूल दिल्या असत्या तरी उपयोग नव्हता.

हा बदल कुठे झाला? छकुलीने औषध घेतले असेल, तर तिच्या अंगात झाला आणि तिच्याकडून आबांना गेला. आजारी आणि निरोगी माणसाला एकाच घरात एकच औषध दिले की असे होते, हे परदेशातल्या काही घरांत दिसले आहे. पण तुमच्या वहीप्रमाणे तिने घेतलेले नाही. मग असा विषाणू बाहेरूनच आला, आणि तालुक्यात तो पसरलेला आहे, असे मला लिहावे लागेल. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. आता नव्या जातीचे औषध येते आहे, चाचण्या चालू आहेत. ते आपल्या खेड्यांत कसे द्यायचे याची आखणी करणाऱ्या गटात मी आहे. एकाच घराची खरी हकीकत मिळाली तरी मला नीट बोलता येईल. वहीत नसलेले काही तुम्हाला माहीत आहे का?”

मी उत्तराचे चार मसुदे केले आणि फाडले. लिहिले तर डॉक्टरांनी विश्वासाने दिलेल्या कपाटाच्या किल्लीचे काय, असे मनात येई. आणि मी त्या मुलीच्या नजरेतून उतरेन. खरे सांगायचे तर हे दुसरे कारण मोठे होते. पत्रातले एक वाक्य, वीस कॅप्सूल दिल्या असत्या तरी उपयोग नव्हता, हे तरी मी जाऊन वस्तीवर वाचून दाखवायला हवे होते. पण तेवढेच वाचून दाखवले तर पुढचे विचारतील, असे म्हणून तेही राहिले.

१९९७ मध्ये डॉक्टरांनी दवाखाना इंदापूरला नेला. मी काम सोडले आणि भवानीनगरातच खोली घेऊन राहिलो.

या फेब्रुवारीत एका सकाळी सारजा दारात उभी. आता तिच्या कानाशी केस पिकले आहेत.

“तात्या, येता का वस्तीवर? सासूबाईला तीन दीस झालं ताप हाय. नव्या डॉक्टरनं पुड्या दिल्यात, पर माझ्या हातनं घीना झाल्यात. छकुलीचं बा सकाळच्याला गाडीवर जात्यात ते दिवस मावळता येत्यात. सासूबाई म्हनत्यात, कंपाउंडर तात्या दील तर घीन. त्येंचा हात सच्चा हाय.”

ती हे सरळ म्हणाली. टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

पहिल्या दिवशी गेलो, पुडी दिली, आलो. दुसऱ्या दिवशीही. कुशाबाई अंगणात उन्हाला बाज टाकून पडलेली असे. ताप उतरत नव्हता आणि मी मैलभर चालून जाईपर्यंत पुडीची वेळ टळत होती. तिसऱ्या दिवशी पोचायला मला अकरा वाजले. छकुली शाळेतून लवकर आली होती आणि आजीच्या पायाशी बसून पाढे म्हणत होती. सारजा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

“तात्या, हिला म्हनावं लांब हो,” कुशाबाई म्हणाली. “एक जीव घालवला. दुसऱ्याला तरी सोड म्हनावं.”

“सकाळपासून पुडी घेतली नाही?” मी विचारले.

“तुमची वाट बगत हुते.”

छकुलीने पाढे थांबवले आणि आईकडे पाहिले. ती आता नऊ वर्षांची आहे. कुणाचा जीव, कुणासाठी गेला म्हणतात, हे तिला कळते. तिच्या चेहऱ्यावर मी ते पाहिले, आणि मला वाटते त्यामुळेच माझ्या तोंडून शब्द निघाले.

“कुशाबाई, छकुलीच्या पुड्या मी बांधल्या होत्या.”

“कवाच्या?”

“आबांच्या कॅप्सूल फोडून. सारजा विचारायला आली होती. मी द्यायला सांगितलं, आणि कुणाला बोलू नको म्हणूनही मीच सांगितलं.”

मग खिशातले पत्र काढले. ते मी रोज बरोबर नेत होतो आणि तसेच परत आणत होतो. चष्मा लावून मी सगळे वाचले, अवघड जागा सोप्या करून सांगितल्या. आबांना औषध कमी पडले नाही. औषध पोटात असतानाच त्यांना ताप आला. तापाच्या किड्याने औषध चुकवायची वाट शोधली होती, आणि ती बहुतेक मी बांधलेल्या पुड्यांमुळे.

कुशाबाईने आभाळाकडे नजर फिरवली.

“चार वर्सं तुमी गप बसला,” ती म्हणाली.

“भीती वाटली.”

“हिनं बी तुमचं नाव घितलं न्हाय.” तिने सारजाकडे मान वळवली. “का गं?”

“त्येंची नोकरी गेली आसती,” सारजा म्हणाली. “आन आबा काय परत आलं आसतं?”

“तू गप, ह्ये गप. मीच एकटी बोलत बसले जगापुढं.” कुशाबाईने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग हळू आवाजात म्हणाली, “तात्या, त्या दहातली एक मी बी खाल्ली हुती.”

मला आधी समजले नाही.

“माजं आंग कसकसत हुतं. त्ये म्हन्ले, कुशे, तू बी घे एक, माझ्याकडं हायत. त्येंचा सभावच तसा. घरात काय आलं की आदी वाटायचं. पोरीला त्येंनीच दिल्या ते मला ठाव हुतं. माझ्याम्होरंच दिल्या.” ती पुढे म्हणाली, “मानूस गेल्यावर वाटलं, म्या खाल्लेली त्येंची हुती. मग म्या हिच्यावर घातलं.”

कोंबड्या अंगणात आल्या, सारजाने त्यांना हाकलले आणि परत येऊन बाजेच्या कडेला टेकली. सासूच्या इतक्या जवळ बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

“आता नवं औषीद कसलं म्हनत्यात त्या बाई?” थोड्या वेळाने कुशाबाईने विचारले.

मी सांगायचा प्रयत्न केला. जुने औषध किड्याला आत शिरल्यावर अडवते. तो त्या जागी एवढासा बदलला की ते वाया. नवे औषध दुसऱ्या जागी अडवते. आत जन्मलेली पिल्ले बाहेर पडायला लागली की त्यांना तिथेच खिळवून ठेवते. मेंढरे कोंडायच्या जाळीसारखे, वाघरीसारखे.

“वाघर?” कुशाबाईला हसू आले आणि खोकलाही. “वाघरीतनं बी एखांदं उडी मारतंच, तात्या. तुमी मेंढरं राखली न्हाईत.”

“मग काय करायचं?”

“दोन लावायच्या. एकीच्या भायेर दुसरी. आन आजारी मेंढरू आदी येगळं बांदायचं. त्येचं औषीद त्येलाच, बाकीच्यास्नी दुसरा पाला. ह्ये तर ह्या पोरीला बी ठाव हाय.”

“व्हय,” छकुली म्हणाली. “आबा शिकवायचं.”

“मेंढराला येगळं देत हुतो,” कुशाबाई म्हणाली, “आन मान्साचं मातर वाटून खाल्लं.”

मी विचार करत राहिलो. दोन वेगळ्या औषधांची जोड, आणि आजाऱ्याला एक तर घरातल्या इतरांना दुसरे, हे मी मासिकात वाचले होते. तज्ज्ञांचे त्यावर एकमत नव्हते. वैष्णवीने हे मागितले नव्हते, पण तिला हेच हवे असणार, असे वाटले. आपल्या घरात औषध एकाच्या नावाने येते आणि सगळ्यांचे होते. ते एकेका माणसासाठी आखून चालणार नाही, घरासाठी आखावे लागेल. मग लगेच वाटले, मी कोण हे सांगणारा.

“लिवा त्या बाईला,” कुशाबाई म्हणाली. “माझी बी एक लिवा. लपवू नका.” मग सारजापुढे हात केला. “आन ती पुडी. दुपार व्हायला आली.”

सारजाने कागद उलगडून दिला. कुशाबाईने पुडी जिभेवर टाकली, पाणी प्याली आणि तोंड वाकडे केले.

“दुसरी कवा?”

“संध्याकाळी सहाला,” सारजा म्हणाली.

“मंग तात्याला कशाला चालवायचं उगं.”

मी त्या दुपारी लिहायला बसलो. कोणत्या दिवशी किती कॅप्सूल, कोणाला, कशा विभागल्या, ताप कधी आला, सगळे क्रमाने लिहिले. छकुलीच्या आठ पुड्यांत गेलेल्या चार, कुशाबाईची एक, आबांच्या पोटात गेलेल्या पाच. वहीतली नोंद अपुरी आहे आणि ती अपुरी मी ठेवली, हे लिहिले. वाघरीचे आणि वेगळ्या बांधलेल्या मेंढराचे कुशाबाईच्याच शब्दांत उतरवले. एवढा वेळ का लावला, त्याला दोन ओळी दिल्या आणि त्या पुन्हा वाचल्या नाहीत.

पण डॉक्टरांना न सांगता पाठवणे म्हणजे पुन्हा तेच झाले असते. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने इंदापूरला गेलो. रोग्यांच्या रांगेत बसलो, नंबर आल्यावर आत गेलो आणि पत्र त्यांच्यापुढे ठेवले. विजयसिंहांनी ते शांतपणे वाचले. पाने उलटून पहिले पान परत वाचले.

“हे तुम्ही तेव्हा सांगितलं असतं,” ते म्हणाले, “तर मी तुम्हाला त्याच दिवशी काढलं असतं.”

“हो.”

“आणि छकुलीला औषध कसं द्यावं हे तुम्ही विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. का, ते मात्र मला सांगता आलं नसतं. मला फक्त कॅप्सूल पुरवायच्या होत्या.” त्यांनी पेन काढले, माझ्या सहीखाली ‘वाचले, बरोबर आहे’ असे लिहून आपली सही केली. “ती मुलगी अजून त्याच पत्त्यावर आहे का?”

“माहीत नाही.”

“मग बारामतीच्या घरचा पत्ता मागे टाका. नाहीतर उगाच परत तुमच्याकडे यायचं, आणि तुम्ही ते ट्रंकेत ठेवाल.”

ट्रंकेचे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. ते मला ओळखत होते एवढेच.

पोस्टात खिडकीपुढे चारपाच माणसे होती. वैष्णवीच्या पत्राखाली होते ते दोन्ही पत्ते मी पाकिटावर लिहिले, खळ लावली, तिकिटे चिकटवली. मग बाहेरच्या लाल पेटीत ते टाकले, आणि आत पडल्याचा आवाज आल्यावर स्टँडकडे निघालो.